एका फोनवर टांगलेला दिवस

"ताई, परवाचा दिवस सांगते, मग तूच सांग माझं काय चुकतंय. धाकटा तीन वर्षांचा, रात्री दोनला त्याला ताप भरला. तेव्हापासून मी आणि नवरा आळीपाळीने उठतोय, लाईट लावला की तो रडतो म्हणून माझ्या फोनचा टॉर्च लावून ठेवला, पाचला कधीतरी माझा डोळा लागला आणि फोन बंद पडला. अलार्म वाजलाच नाही. नवरा सहाला ड्युटीवर गेला, त्याला वाटलं हिला झोपू द्यावं. मला जाग सात वीसला आणि मोठीची शाळा आठची. तिचा एकच बूट सापडला, चपलांवरच नेली, तापातल्या धाकट्याला खांद्यावर टाकून. गेटवर कळलं की आज सगळ्यांनी पिवळे कपडे घालून यायचं होतं, ग्रुपवर रात्री मेसेज आला होता म्हणे, आमची एकटी युनिफॉर्ममध्ये. रडली. परत आले, धाकट्याला औषध दिलं, त्याला कडेवर घेऊन कचरा बाहेर ठेवायला गेले आणि मागे लॅच लागलं. किल्ली आत, फोन चार्जिंगला आत, दहाची ऑनलाइन मीटिंग आत. शेजारच्या काकूंनी फोन दिला तर नवऱ्याचा नंबर मला पाठच नाही!! त्यांनी कुठूनतरी किल्लीवाला बोलावला तोवर साडेअकरा. दुपारी नवऱ्याचा फोन, म्हणे सहाला निघताना मी औषध दिलंय. म्हणजे दोनदा गेलं. (आता तो बरा आहे, खेळतोय.) संध्याकाळी सातला मोठीने रंगाच्या पाण्याचा ग्लास माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर सांडला, लॅपटॉप वाचला, पण मी किंचाळले, म्हणाले तुझ्यामुळे आजचा अख्खा दिवस वाया गेला. ती सात वर्षांची आहे. काहीच बोलली नाही, झोपताना फक्त म्हणाली मी मुद्दाम नाही केलं. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं तर म्हणे आदल्या रात्री तयारी करून ठेवली असतीस तर यातलं काहीच झालं नसतं, वर मर्फीच्या नियमाचा जोक. दोन दिवस झाले, मोठीशी मी त्यावर बोलले नाहीये, मीटिंगबद्दल बॉसलाही काही सांगितलं नाहीये. बाकीच्या आया कसं करतात गं? मी आई म्हणून कमी पडतेय का? — दमलेली"

प्रिय दमलेली,

सगळ्या प्रश्नांकडे येते, पण आधी जी गोष्ट तू अर्ध्या ओळीत उरकलीस तिथे थांबते, कारण त्या अख्ख्या दिवसात खरी काळजीची गोष्ट तेवढीच होती. बूट नाही, पिवळे कपडे नाहीत, मीटिंग तर अजिबात नाही. औषध.

तापाचं औषध म्हणजे पॅरासिटामॉल असणार असं धरून चालते. सहाला त्याने दिलं, शाळेतून परत येऊन तू दिलंस म्हणजे नऊच्या आतबाहेर, मध्ये जेमतेम तीन तास. दोन डोसांमध्ये कमीत कमी चार तास हवेत, सहा असले तर अजून बरं, आणि चोवीस तासांत चारच्या वर नाही, असं डॉक्टर साधारण सांगतात. योग्य मापाचा डोस एकदा लवकर गेला म्हणून सहसा काही होत नाही आणि पोरगं खेळतंय म्हणतेस म्हणजे यावेळी निभावलं, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाशील तेव्हा कानावर घाल. पण हे चालतं असं मनात बसू देऊ नकोस हं. पॅरासिटामॉल फार झालं की लिव्हरवर जातं, आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे पहिला दिवस मूल अगदी नॉर्मल दिसू शकतं, आणि त्यावरचा उतारा मात्र पहिल्या आठ तासांत दिला तरच सगळ्यात चांगला लागू पडतो. त्यामुळे जास्त गेलंय अशी शंका आली की बघू काही होतंय का असं करत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन, आणि बाटली हातात धरून. बाटली हातात अशासाठी की त्याच नावाच्या सिरपमध्ये ५ मिलीत कधी १२० मिलीग्रॅम असतं आणि कधी २५०, म्हणजे बाटली बदलली की तेच तुझं एक झाकण दुपटीहून जास्त होतं. डोस वजनावर ठरतो, वजन मागच्या वर्षीचं धरू नका, मुलं वाढतात. आणि सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतंच, लेबल वाचल्याशिवाय कळत नाही.

यावर अ‍ॅप वगैरे काही नको. बाटलीलाच कागदाची एक पट्टी रबरबँडने बांध, जो देईल त्याने वेळ आणि किती मिली ते लिहायचं आणि मगच झाकण लावायचं. "मी सांगेन", "मेसेज टाकेन", "लक्षात ठेवेन" यातलं काही चालणार नाही, कारण बंद फोनवरचा मेसेज कोणी वाचत नाही आणि रात्री दोनपासून जाग्या माणसाच्या लक्षात काही राहत नाही. हे काम आज कर, बाकीचं माझं उत्तर उद्या वाचलंस तरी चालेल.

आता मोठी. दोन दिवस झाले, ती विसरली असेल, उगाच कशाला उकरून काढायचं, असं तुझ्या मनात चाललं असणार. नाही विसरली. सात वर्षांचं मूल असलं वाक्य विसरत नाही आणि त्याहून वाईट म्हणजे ते जसंच्या तसं खरं धरतं. तुला माहितीये की दिवस तिच्यामुळे वाया गेला नव्हता, तुझ्याकडे लॅच आहे, किल्लीवाला आहे, मीटिंग आहे, औषधाची धास्ती आहे. तिच्याकडे यातलं काहीच नाही ना, ती शाळेत होती. तिच्या बाजूने तो दिवस कसा दिसला असेल बघ: सकाळी माझा बूट हरवला आणि आई चिडली, मग माझे कपडे चुकीचे होते आणि आईचं तोंड उतरलं, मग मी पाणी सांडलं आणि आई म्हणाली सगळं तुझ्यामुळे. तिचा हिशोब अगदी बरोबर जुळतो. तू जे रागाच्या भरात बोललीस त्याला तिच्याकडे तीन पुरावे आहेत. म्हणून हे बोलावंच लागेल, आणि नुसतं जवळ घेऊन भागणार नाही, त्या दिवशी खरं काय काय झालं ते तिला सांगावं लागेल.

फार तयारी नको. रात्री अंथरुणात, किंवा ती काहीतरी करत बसलेली असताना शेजारी बसून, असं काहीतरी: "परवा मी तुझ्यावर ओरडले ना, पाणी चुकून सांडलं होतं हे मला माहितीये. दिवस तुझ्यामुळे नव्हता खराब झाला, मला रात्रभर झोप नव्हती, मी घराबाहेर अडकले होते, फोन आत होता, मी घाबरले होते आणि सगळा राग तुझ्यावर निघाला. मी बोलले ते खोटं होतं आणि चुकीचं होतं." बास. यापुढे "पण" आलं की सगळं मुसळ केरात. "पण तू पण जरा बघून ठेवत जा ना ग्लास" हे तुझ्या अगदी ओठावर येणार, मला माहितीये, ते गिळ. ग्लासचा नियम करायचा तर वेगळ्या दिवशी कर आणि सगळ्यांसाठी कर, लॅपटॉप असेल त्या टेबलावर कोणाचंच पाणी नको, तुझाही कप नको. आणि सॉरी म्हणून काही विकत आणू नकोस. तुला रडू आलं तर येऊ दे, पण तिलाच तुझी समजूत काढायला लागेल इथवर जाऊ देऊ नकोस, ते ओझं तिचं नाही. ती कदाचित नुसतं "हं" म्हणेल आणि भलतंच काहीतरी विचारेल, दात कधी पडणार वगैरे. तरी ऐकलेलं असतं.

हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये. एड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात एक प्रयोग केला होता, त्याचे व्हिडिओ तू कदाचित पाहिलेही असशील. आई बाळाशी छान खेळत असते, मग तिला सांगतात की दोनेक मिनिटं चेहरा एकदम कोरा ठेव, काहीच प्रतिसाद देऊ नकोस. बाळ आधी हसून बघतं, मग बोट दाखवतं, आवाज काढतं, हात पुढे करतं, शेवटी रडकुंडीला येतं. बघवत नाही ते. लोकांच्या लक्षात एवढंच राहतं आणि सगळ्या आया घाबरून जातात. पण त्यापुढे आई परत पहिल्यासारखी होते आणि बाळ, जरा रुसून का होईना, परत तिच्याकडे वळतं, तो भाग कोणी धडपणे बघत नाही. त्याच ट्रॉनिकचं म्हणणं असं की नीट चाललेल्या आई-बाळांच्या जोड्यासुद्धा साधारण ३० टक्के वेळच एकमेकांशी जुळलेल्या असतात, बाकी वेळ बिनसणं आणि परत जुळवून घेणं हेच चालू. मूल आपल्यावर भरवसा ठेवायला शिकतं ते या परत जुळण्यातून. तुझं परवा बिनसलं, ठीक आहे, जुळवायचं काम तेवढं दोन दिवस लांबलंय.

"कमी पडतेय का" या प्रश्नावर मी फार वेळ घालवणार नाही. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ, पुढे मनोविश्लेषक झाले, १९५० च्या दशकात त्यांनी म्हटलं की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. आणि हे काही काठावरच्या आयांना दिलेले ग्रेस मार्क नव्हते बरं का, त्यांचं म्हणणं असं की मूल मोठं होत जातं तसतशी आई प्रत्येक गोष्ट क्षणात पुरवेनाशी होते आणि तशी ती व्हायलाच हवी, त्यातूनच मुलाला कळतं की जग आपल्या तालावर चालत नाही आणि तरी आपलं निभतं. युनिफॉर्ममध्ये एकटी उभी राहिली ती, वाईट वाटलं, रडली. मग काय झालं शाळेत? तू विचारलंस का? मला तर वाटतं दहा मिनिटांनी कोणाच्या तरी बाजूला बसून खेळली असेल, पण विचार, तिच्याकडून ऐक.

ओरडण्याबद्दल मात्र अजून एक गोष्ट, आणि इथे मी तुझी वकिली करणारे. १९९७ साली ऑस्ट्रेलियात ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी मोजून दाखवलं की सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं डोकं आणि हात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतपतच चालतात. बऱ्याच देशांत तेवढ्यावर गाडी चालवली तर दंड होतो. आता तुझे तास मोज. रात्री दोन ते संध्याकाळी सात. पहाटेचा तो डुलका सोडला तर बरोब्बर सतरा, आणि ग्लास सांडला तोही सातलाच. त्या अवस्थेत तुला कोणी गाडीची किल्ली दिली नसती, पण दोन मुलं, ऑफिसचा लॅपटॉप आणि रंगाचं पाणी एका टेबलावर दिलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं ते निघालंच, त्यासाठी लेकीशी बोलायचंय ते बोलायचंच आहे, पण त्यावरून स्वतःच्या स्वभावाची परीक्षा घेऊ नकोस. झोपेची घे. रात्र जागून काढलेल्या दिवशी दुपारी धाकटा झोपला की तू पण आडवी हो, भांडी राहू देत, कपडे राहू देत, तो अर्धा तास संध्याकाळी लेकीच्या कामी येतो.

आता तुझा दिवस उलगडून बघू, कारण तो मला भारी इंटरेस्टिंग वाटला (तुला नसेल वाटला, समजू शकते). तू लिहिलंयस असं की एकामागून एक संकटं कोसळत गेली, दुष्काळात तेरावा महिना. पण मी मोजत गेले तर निम्म्याहून जास्त गोष्टी एकाच ठिकाणाहून निघाल्यात. टॉर्च फोनचा. त्याने बॅटरी संपली. अलार्म फोनचा, तो गेला. शाळेचा मेसेज फोनवर, तो दिसला नाही. नवऱ्याचा नंबर फोनमध्ये, डोक्यात नाही. औषध दिल्याचं कळवायचा रस्ता फोन, तो बंद. मीटिंग चुकतेय हे बॉसला सांगायचं साधन पण फोनच, तो दाराच्या आत. अगं, एक बॅटरी संपली तर घरातलं घड्याळ, दिवा, नोटीस बोर्ड, डायरी आणि नवरा असं सगळं एका झटक्यात गेलं! यात तुझ्या आईपणाचा काय संबंध?

चार्ल्स पेरो नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. १९७९ साली थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला, त्याचा अभ्यास करून त्यांनी १९८४ साली असं मांडलं की जिथे एक गोष्ट दुसरीला घट्ट बांधलेली असते, मध्ये जराही ढिलाई नसते, तिथे किरकोळ किरकोळ बिघाड एकमेकांना जाऊन मिळतात आणि मोठा अपघात होतो, त्यासाठी कोणी एक माणूस बावळट असावा लागत नाही. हसू नकोस, अणुवीज केंद्र कुठे आणि आपलं घर कुठे, पण ड्युटीवर जाणारा नवरा, नोकरी करणारी बायको, दोन लहान मुलं आणि तिसरं माणूस नाही अशा घरात ढिलाई कुठे असते दाखव मला. सगळं नीट चाललं तर चालतं, एक बोल्ट निसटला की घरंगळत जातं.

तेव्हा जास्त काळजीपूर्वक वागायचं वगैरे ठरवू नकोस, तू आधीच पुरेशी काळजी करतेस. गाठी सोडव. टिकटिक करणारं साधं अलार्मचं घड्याळ आण, सेलवर चालणारं, आणि रात्रीसाठी एक टॉर्च, बस्स, फोनवरची दोन कामं कमी झाली. नवऱ्याचा नंबर पाठ कर, आणि मोठीला पण पाठ करायला लाव, सात वर्षांच्या मुलीला दहा आकडे आरामात येतात, गाण्यासारखे म्हणवून घ्यायचे. तोच नंबर कागदावर लिहून तिच्या दप्तरात आणि तुझ्या पर्समध्ये. जास्तीची किल्ली काकूंकडे, आजच, त्या बाई देवमाणूस दिसतात. शाळेच्या ग्रुपवर रोज शंभर फुलं आणि सुप्रभात येत असतील तर त्यात कामाचा मेसेज बुडणारच, एखाद्या आईशी ठरवून टाक की काही वेगळं असेल तर एकमेकींना फोन करायचा, मेसेज नाही, फोन. बुटांसाठी दाराजवळ एक खोकं आणि शाळेतून आल्यावर बूट तिने स्वतः त्यात टाकायचे. तो दुसरा बूट सापडला का पण? ते लिहिलंच नाहीस. तीन वर्षांचं पोर घरात आहे म्हणजे मी आधी खेळण्यांच्या टोपलीत बघेन, मग वॉशिंग मशीनमध्ये.

लॅचबद्दल एक मिनिट, कारण इथे नशिबाने तू थोडक्यात सुटलीस. धाकटा कडेवर होता. तो आत राहिला असता आणि तू बाहेर, तर किल्लीवाल्याची वाट बघत बसायचं नसतं, सरळ फायर ब्रिगेडला फोन, आणि आत गॅस चालू असेल, नळ चालू असेल, मूल रडून घाबरंघुबरं झालं असेल तर दार फोडायचं, दार नंतर नवीन लावता येतं. तोवर दाराच्या फटीतून बोलत राहायचं, आवाज शांत ठेवून. आणि आजपासून दाराबाहेर पाऊल टाकताना किल्ली हातात, कचऱ्याला पण, पेपर उचलायला पण. दाराच्या आतल्या बाजूला डोळ्यांसमोर खिळा ठोकून तिथे किल्ली टांगायची, आणि कडी वर बसवता येत असेल तर धाकट्याच्या हाताला लागणार नाही इतकी वर.

आता नवरोबा. (हे त्याला वाचायला दे, मी नीटच बोलणार आहे.) दादा, आदल्या रात्री तयारी केली असती तर काहीच झालं नसतं हे जरा परत तपासून बघा. आदल्या रात्री कपडे काढून ठेवले असते तर ते युनिफॉर्मचेच काढले असते, कारण मेसेज वाचलाच नव्हता. ताप आदल्या रात्रीच्या तयारीने टळत नाही. लॅच टळत नाही. टळला असता तो फक्त बूट. आणि जी खरी टाळता येण्यासारखी गोष्ट होती, म्हणजे सहाला औषध दिलं ते कुठेतरी लिहून ठेवणं, ती तुमच्या हातात होती. झोपू दिलंत ते प्रेमाने दिलंत, मान्य, पण हिचा फोन बंद आहे हे बघितलं असतं तर चार्जिंगला लावून, साडेसहाला घरी एखादी रिंग देऊन ती झोप तिला खरीच मिळाली असती. टोमणा म्हणून नाही सांगत, दिवसाची वाटणी करा म्हणून सांगतेय.

आणि त्या मर्फीबद्दल. एडवर्ड मर्फी हे अमेरिकन हवाई दलातले इंजिनिअर. १९४९ साली रुळांवरून धावणाऱ्या रॉकेटच्या गाडीवर माणूस बसवून त्याच्या शरीरावर किती जोर येतो ते मोजायचं होतं, आणि मोजणारे सेन्सर चक्क उलटे जोडले गेले, अख्खी चाचणी फुकट. तेव्हा ते वैतागून जे बोलले त्यातून पुढे तो नियम झाला, बिघडण्यासारखं जे आहे ते बिघडणारच. आपण तो हताश होऊन म्हणतो, पण त्या टीमचे प्रमुख जॉन स्टॅप यांनी पत्रकारांना उलटंच सांगितलं होतं, की हा नियम धरून चालतो, काय काय बिघडू शकेल ते आधी बघतो, म्हणून आमच्याकडे माणसं सुखरूप राहतात. म्हणजे जोक मारायचाच असेल तर मारा, पण जोक मारून झाला की किल्ली घेऊन काकूंकडे जा.

परत तुझ्याकडे. बाकीच्या आया कसं करतात असं विचारतेस, तर त्या असंच करतात, फक्त तुला दिसतात त्या गेटवर, पिवळ्या कपड्यांतल्या मुलाचा हात धरून, पाच मिनिटं. त्याआधीचा तास तुला दिसत नाही. पण एक गोष्ट काही जणींना जमते आणि ती शिकण्यासारखी आहे, दिवस हातातून गेला हे त्या लवकर ओळखतात. तुला सात वीसला जाग आली. रात्रभर ताप, घरी एकटी, फोन बंद, शाळा चाळीस मिनिटांवर. तिथेच बसून म्हणायचं होतं की आजचा दिवस ठरल्याप्रमाणे होणार नाही, आता यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं. तू काय केलंस, सगळंच ठेवलंस. शाळा वेळेवर, मीटिंग वेळेवर, कचरा पण आजच. तापातलं मूल खांद्यावर टाकून चपलांवर पळत जाण्याऐवजी शाळेत उशिरा सोडली असती, किंवा नसतीच पाठवली, तर दुसरीतल्या मुलीचं काय नुकसान होणार होतं? पण आपल्याला वाटतं जमवू, होईल, चाळीस मिनिटं आहेत की. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली हेच दाखवलं होतं (काहनेमनना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं), की कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज माणूस सगळं सुरळीत होईल असं धरून बांधतो, मागच्या वेळी खरंच किती लागला होता ते बघतच नाही. मुलं असलेल्या घरात तर सुरळीत सकाळ ही अफवाच आहे. एक आठवडा नुसतं बघ, जाग आल्यापासून दाराबाहेर पडेपर्यंत खरा वेळ किती जातो, बदलायला जाऊ नकोस काही, नुसतं बघ, आणि मग अलार्म त्या वेळेवर लाव.

सोडायचं काय ते ठरवायला माझी पद्धत अशी: आधी ज्यात कोणाला इजा होऊ शकते ते, म्हणजे औषध, गॅस, रस्ता, दार. त्यानंतर ज्याने मूल दुखावेल ते. त्यानंतर ज्याची कोणीतरी वाट बघतंय ते, आणि तिथे एक फोन करून मोकळं व्हायचं. उरलेलं सगळं, कचरा, कपड्यांच्या घड्या, पसारा, उद्या. तो दुसरा गट मी मुद्दाम ऑफिसच्या वर ठेवलाय, यावर कोणी माझ्याशी वाद घालू शकेल, घालू देत.

राहिला तुझा बॉस. दोन दिवस गप्प राहिलीस ही खरं तर त्या दिवसाची सगळ्यात सोपी गोष्ट तू अवघड करून ठेवलीस, मीटिंग चुकल्यापेक्षा त्यावर काहीच न बोलल्याचा जास्त राग येतो लोकांना. पूर्ण कहाणी नको, बूट नको, पिवळे कपडे तर नकोच. एवढंच लिही: "परवा मुलाला रात्रभर ताप होता, सकाळी घराबाहेर लॉक झाले आणि फोन आत राहिला, त्यामुळे मीटिंगला येता आलं नाही आणि कळवताही आलं नाही. कळवायला दोन दिवस लावले, त्याबद्दल सॉरी. माझ्या भागाचं अपडेट उद्या बारापर्यंत पाठवते, मीटिंगमध्ये काही ठरलं असेल तर सांगाल का." एकच सॉरी, तीन नकोत. आणि आता लगेच पाठव, धाकटा उठायच्या आत.

— ताई